निकाळजेबाईंची कोथिंबीर

आमच्या मुलुंडच्या शाखेत भिंतीवर एक मोठे घड्याळ होते आणि निकाळजेबाईंच्या मनगटावर एक लहान. दोहोंत दोन मिनिटांचे अंतर असे. वेळेवरून काही वाद निघाला तर शाखाधिकारीसुद्धा भिंतीकडे न पाहता बाईंकडे पाहत. बाई रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर आपले घड्याळ लावून घरून निघत. शाखेत आल्यावर तारखेच्या शिक्क्याचे चाक फिरवून तो आधी एका रद्दी कागदावर उमटवून बघत. "शिळी तारीख पोटात राहते त्याच्या," असे त्या म्हणत.

मी बोलण्यात पहिल्यापासून मागे, आणि लिहायला तर निवृत्तीनंतर बसलो आहे. तेव्हा बाईंचे संपूर्ण चरित्र सांगण्याची माझी ऐपत नाही. त्यांच्या शेजारच्या टेबलावरून जेवढे दिसले, तेवढेच इथे मांडतो.

बाईंचे टेबल खांबाच्या आड होते आणि त्यावर बँकेतले सर्वांत नावडते काम येई. एखाद्याने कुणाचे देणे थकवले, धनको कोर्टात जिंकला आणि तरीही पैसा हाती लागेना, तर ऋणकोचा पैसा जिथे ठेवलेला असेल तिथे कोर्टाचा हुकूम येतो: हा पैसा त्याला देऊ नका, अडवून ठेवा आणि कोर्टाला कळवा. बँकेत याला गार्निशी म्हणतात. हुकूम हातात पडला त्या क्षणी खात्यात जे असेल ते अडते. त्याच्या मिनिटभर आधी जे काढले गेले, ते सुटले. म्हणून ते मिनिट लिहून ठेवावे लागते, आणि म्हणूनच ते काम बाईंकडे होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"देवधर, या कागदात घेणारा एक, देणारा एक. मग आपण कोण?"

"बँक," मी म्हणालो.

"चूक. आपण तिऱ्हाईत. हे एकदा डोक्यात बसलं की मग झोप लागते."

कामाचा त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी शिक्का, त्यावर वेळ; मग खात्यावर अडवणूक; मग खातेदाराला फोन. बाहेरून कळण्याआधी त्याला आपल्याकडून कळले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. आणि हे सारे झाल्यावर चहा. कोर्टाचे बेलीफ मोरे हे स्थूल, घामाघूम आणि गप्पिष्ट गृहस्थ. ते कातडी पिशवी टेबलावर ठेवत "मॅडम, चहा?" म्हणाले, की बाईंचे उत्तर येई, "आधी शिक्का, मग चहा." मोरे अनेक वर्षे हा प्रश्न विचारत होते. मला वाटते, ते उत्तर ऐकण्यासाठीच विचारत असावेत.

आता कोथिंबिरीविषयी.

आमचे शिपाई सावंत मालवणचे, आणि त्यांचा आवाज समुद्रावरून हाक मारण्यासाठी घडलेला. एका सकाळी टपाल घेऊन येताना त्यांनी दारातूनच आरोळी दिली, "मॅडमनू, गार्निशी इली! हार्डवेअरवाल्याची!" तो हार्डवेअरवाला नेमका पैसे काढण्याच्या रांगेत दुसरा उभा होता. त्याने पुढच्या माणसाला बाजूला सारून खिडकीत हात घातला. पण तेवढ्यात खांबाआडून शिक्क्याचा आवाज आला होता. बाई उठून रांगेपाशी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "काका, शिक्का झाला. आता आत या, बसून बोलू." त्याने दिवसभर सगळ्या शाखेची आई-बहीण काढली, बाईंची मात्र नाही.

संध्याकाळी शाखाधिकाऱ्यांनी फर्मान काढले, की तो शब्द यापुढे मोठ्याने उच्चारायचा नाही.

"मग काय म्हणू, सायब?" सावंतांनी विचारले.

रोखीच्या खिडकीतल्या पाटणकरबाई नोटांना रबर लावता लावता म्हणाल्या, "गार्निश म्हणजे काय हो सावंत? वरून भुरभुरतात ते. कोथिंबीर म्हणा."

निकाळजेबाईंच्या कपाळावर आठी उमटली. दोन दिवस त्यांनी तो शब्द ऐकून न ऐकल्यासारखा केला. तिसऱ्या दिवशी त्याच विचारत होत्या, "सावंत, आज कोथिंबीर नाही का?"

या शब्दाने त्यांच्या हातून जी एकमेव चूक घडवली, ती सांगायला हवी. पाटणकरबाईंच्या घरी पाहुणे येणार होते; त्यांनी सावंतांना बाजारातून काही आणायला सांगितले होते. सावंत परतले ते नेहमीच्या थाटात: "मॅडमनू, कोथमीर इली!" बाईंची मान खाली होती. त्यांनी घड्याळ पाहिले, आवक नोंदवहीत '११.२०' असे लिहिले आणि कागदासाठी हात पुढे केला. हातात ओली जुडी पडली.

शाखा पोट धरून हसली. बाई हसल्या नाहीत. नोंदवहीतले पान फाडता येत नाही आणि लिहिलेले खरवडता येत नाही. त्यांनी पट्टीने एक रेघ मारली आणि बाजूला लिहिले, 'नोंद चुकीची. प्रत्यक्षात कोथिंबीर.' खाली सही केली.

वर्षअखेरीस हिशेबतपासनीस आला. तरुण होता, पुण्याचा होता. त्या पानावर तो बराच वेळ थांबला.

"मॅडम, हे 'प्रत्यक्षात कोथिंबीर' म्हणजे?"

"जे लिहिलंय तेच."

"पण म्हणजे... नेमकं काय?"

"एक जुडी. पाटणकरबाईंनी घरी नेली. जावक नोंद हवीय का?"

त्याने पान उलटले.

पुढे बाईंनी तो शब्द असा काही आपलासा केला, की त्यांचे सगळे कामच त्यात बसले. हुकूम आला की त्या खाते 'निवडायला' घेत. अडवलेल्या रकमेतले काय खरोखर जप्त होऊ शकते आणि कशाला हात लावता येत नाही, हे वेगळे करणे म्हणजे निवडणे. जेवतानाही डब्यातली कढीपत्त्याची पाने त्या झाकणावर ओळीने मांडत, त्यामुळे मला यात नवल वाटले नाही. महापालिकेतून निवृत्त झालेले एक शिंदेकाका मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिले होते. मेहुणा गावी गेला आणि हुकूम काकांच्या खात्यावर आला. बाईंनी नियमाप्रमाणे शिक्का मारला, खाते अडवले आणि मग दुपारभर लाल पेन्सिल घेऊन उताऱ्यातल्या एकेका जमेवर खूण करत बसल्या. सगळी जमा निवृत्तिवेतनाची होती. ते कायद्याने जप्तीबाहेर. तसे त्यांनी कोर्टाला सविस्तर लिहिले आणि महिन्याभराने काकांचे खाते मोकळे झाले. काका पेढे घेऊन आले.

"बाई, तुम्ही माझ्या बाजूने लिहिलंत."

"तुमच्या बाजूने नाही, काका. निवडून लिहिलं. कोथिंबीर आणल्यावर मुळं आणि माती तशीच पातेल्यात टाकता का?"

काका गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. मी नेहमीप्रमाणे कागदात डोके घातले.

"पेढे सावंतांना द्या," बाई म्हणाल्या. "मी तिऱ्हाईत. मला चालत नाहीत."

"माका चलतत," सावंत तत्परतेने म्हणाले.

बाई अविवाहित होत्या. वडील जालन्याकडून आलेले, नोकरीनिमित्त घाटकोपरच्या पंतनगरात स्थिरावलेले. आईवडील लागोपाठ गेले तेव्हा बाई नुकत्याच बँकेत लागल्या होत्या आणि धाकटा भाऊ मिलिंद शाळेत होता. त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून यांचीच सही असे. पुढे त्याने चारकोपला औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन खोकी छापण्याचा धंदा सुरू केला. पहिले खाते आमच्याच शाखेत; बाईंनीच उघडून दिलेले. दर चौदा एप्रिलला तो बायको-मुलीला घेऊन पंतनगरात जेवायला येई आणि दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलांवर बाईंच्या हातच्या पुरणपोळ्या येत. भावाविषयी बाई जे बोलत ते तक्रारीच्या सुरात, पण रोज बोलत. त्याची मुलगी प्रज्ञा हिच्याविषयी मात्र तक्रारही नसे.

ती गोष्ट घडली त्या जुलैत प्रज्ञाला फिजिओथेरपीच्या महाविद्यालयात जागा मिळाली होती. त्या दिवशी चार वाजेपर्यंत फीचा डिमांड ड्राफ्ट दिला नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. पैसे मिलिंदने महिने महिने साठवून आमच्याकडच्या खात्यात ठेवले होते. त्याने सही केलेला अर्ज घेऊन प्रज्ञा साडेअकराच्या सुमारास आली. खांबाकडे पाहून तिने "आत्या!" म्हणत हात हलवला आणि ड्राफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे तिघे होते.

थोड्याच वेळात मोरे आले. आज त्यांनी चहाचे विचारले नाही. पिशवीतून कागद काढला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर एक बोट दाबून उभे राहिले.

"मॅडम, आज मी आधी चहा घेतो. खाली जातो टपरीवर. पंधरा-वीस मिनिटं."

"बसा ना. सावंत आणतील."

"नको, खालचाच बरा." मग आवाज उतरवून, "कागद मी दिला कुठे अजून? माझंच बोट आहे त्यावर."

बाईंनी कागदाचा कोपरा उचलून नाव वाचले. शेजारी बसल्यामुळे मलाही ते दिसले. मिलिंद निकाळजे, चारकोप. पुठ्ठा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे देणे थकले होते आणि त्याने कोर्टात हुकूमनामा मिळवला होता. मोरेंनी आडनाव वाचून चौकशी केली असणार. ते भले गृहस्थ होते.

बाईंनी घड्याळ पाहिले. मग रांग पाहिली. प्रज्ञापुढे आता दोघेच उरले होते. त्यानंतर बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांना तिकडे पाहताना मी प्रथमच पाहत होतो.

"मोरे," त्या म्हणाल्या, "बोट काढा."

"मॅडम, पोरगी उभी आहे तिकडे. तुमचीच ना ती? दहा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"बोट काढा, मोरे. आधी शिक्का."

मोरेंनी बोट काढले. शिक्का नेहमीइतक्याच आवाजात पडला. बाईंनी त्यावर वेळ घातली, ११.४२, आणि तीच नोंदवहीत लिहिली. "आता चहा," त्या म्हणाल्या. मोरे चहा न घेताच गेले.

बाई कागद घेऊन शाखाधिकाऱ्यांकडे गेल्या. "साहेब, खातेदार माझा भाऊ आहे. मी या खात्याला हात लावणार नाही. देवधर अडवतील, सही त्यांची राहील." खाते क्रमांक मी दोनदा चुकवला. तेव्हा पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईंनी कागद न बघता तो क्रमांक मला एकेक आकडा करून सांगितला. मी अडवणूक टाकली.

मग त्या रांगेपाशी गेल्या आणि प्रज्ञाचा दंड धरून तिला बाजूला घेतले. तिचा नंबर आलाच होता.

"हा अर्ज ठेव बाजूला. दुसरा भरू. माझ्या खात्यातून."

"पण आत्या, बाबांचे पैसे..."

"बाबांशी मी बोलते. तू नाव नीट लिही. कॉलेजचं नाव पूर्ण लिही."

त्यांनी आपली मुदत ठेव मोडली. पंतनगरच्या घराचे स्वयंपाकघर तीन पावसाळे गळत होते, त्यासाठी ती ठेव आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. दोन वाजता ड्राफ्ट तयार झाला आणि प्रज्ञा धावत सुटली. मगच बाईंनी खातेदाराला फोन केला. त्या दिवशी तेवढाच एक क्रम चुकला, ड्राफ्ट फोनच्या आधी झाला.

रांग आणि बाईंचे टेबल यांत फारसे अंतर नव्हते. मोरेंचे बोलणे प्रज्ञाने ऐकले होते आणि वडिलांच्या कानावर घातले होते. शाखा बंद होताना मिलिंद आला. शटर अर्धे उतरवलेले होते. तो वाकून आत आला.

"दहा मिनिटं, ताई. फुकट मिळत होती."

"मला देता येत नव्हती रे."

"त्या बेलीफाला माझी दया आली. तुला नाही आली?"

"आली. म्हणून ठेव मोडली."

"तुझी ठेव कुणी मागितली होती? माझे पैसे होते ना खात्यात!"

"अकरा बेचाळीसपर्यंत होते," बाई म्हणाल्या.

आमच्यापैकी कुणालाही कुठे पाहावे ते कळत नव्हते. सावंत शटरची साखळी धरून उभे होते.

"बँकेत तू तिऱ्हाईत, हे मी लहानपणापासून ऐकतोय. मान्य आहे," तो म्हणाला. "आज घरीपण तिऱ्हाईत झालीस." आणि वाकून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आल्या आणि त्यांनी शिक्का रद्दी कागदावर उमटवून पाहिला.

त्या ठेवीची रक्कम मिलिंदने दरमहा थोडीथोडी परत केली. पाकीट प्रज्ञा आणून देई. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेले असे, 'निकाळजे मॅडम, मुलुंड शाखा'. बाई पाकीट उघडून त्याच्यावरच 'मिळाले' असे लिहीत, सही करत आणि रिकामे पाकीट परत पाठवत. भावाबहिणींमधला तेवढाच पत्रव्यवहार होता. चौदा एप्रिलला पंतनगरात आता प्रज्ञा एकटीच जाई. आमच्या टेबलांवर पुरणपोळ्या येत राहिल्या, पण भावाविषयीची रोजची तक्रार थांबली. त्या तक्रारीची मला किती सवय झाली होती, हे तेव्हा कळले.

मी बाईंना आयुष्यात एकच खाजगी प्रश्न विचारला. त्यालाही मला वर्ष लागले. "बाई, त्या दिवशी... दहा मिनिटं..."

"देवधर, तो हार्डवेअरवाला आठवतो? त्यालाही घरी मुलं असतील. त्याला मी सांगितलं, 'काका, शिक्का झाला.' आता मिलिंदला वेगळा शिक्का ठेवू?" मग झाकणावर कढीपत्त्याचे पान ठेवत म्हणाल्या, "पोरगी पास झालीय पहिल्या वर्षात. तेवढं बोला."

बाई निवृत्त झाल्या. काही वर्षांनी माझी वेळ आली. जाण्यापूर्वी माझ्याकडे जुन्या नोंदवह्यांची यादी करण्याचे काम होते. त्या सगळ्या लगद्यासाठी जायच्या होत्या. 'प्रत्यक्षात कोथिंबीर' ही नोंद सापडली तेव्हा मी एकटाच हसलो. मग जुलैचे ते पान काढले. अक्षर इतर पानांसारखेच सरळ होते, कुठे थरथर नव्हती. मात्र पान उलटले तर पुढच्या पानावर ११.४२ हे आकडे शाईशिवाय, नुसत्या दाबाने उमटलेले दिसले. त्याच्या पुढच्यावरही, आणि आणखी एकावर.

निवृत्तीनंतर महिन्याभराने, एका रविवारी, मी बरेच दिवस धीर गोळा करून पंतनगरात गेलो. बाईंनी दार उघडले. केस पांढरे झाले होते आणि चालताना एक पाय जपून टाकत होत्या. "गुडघा. प्रज्ञा व्यायाम घेते, फार छळते," त्या म्हणाल्या, आणि तक्रारीचा तो जुना सूर ऐकून मला बरे वाटले. स्वयंपाकघराच्या छताला नवा गिलावा दिसत होता. मनगटावर घड्याळ नव्हते. घड्याळाखाली झाकून राहिलेल्या त्वचेचा एक फिकट पट्टा तेवढा होता.

"सेल संपला. पुन्हा घातला नाही," माझी नजर पाहून त्या म्हणाल्या. "आता कुणाचं काय अडवायचंय?"

मी नोंदवहीतल्या त्या उमटलेल्या आकड्यांचे सांगितले.

"टेबल चांगलं नव्हतं ते," त्या म्हणाल्या. मग पदराने कोरडाच असलेला ओटा पुसत पुढे बोलू लागल्या. "मिलिंदचं एका मिठाईवाल्याकडे येणं थकलं होतं. खोकी नेली, पैसे नाहीत. हा कोर्टात गेला, जिंकला, हुकूम मिठाईवाल्याच्या बँकेत गेला. तिथे कुणीतरी आधी चहा घेतला. शिक्का पडेपर्यंत खातं साफ!"

"मग?"

"मग मला फोन. सहा वर्षांनी. म्हणाला, 'तिथे तुझ्यासारखी कुणी नव्हती.' मी म्हटलं, 'बरं झालं नव्हती. तिलापण भाऊ असेल.'" बाई हसल्या. "त्यावर जो रडला! एवढा मोठा घोडा, फोनवर."

बाईंनी मला खाऊनच जायला सांगितले. पोह्यांची तयारी दिसत होती, पण काहीतरी आणायला कोणी बाजारात गेले आहे असे त्या म्हणाल्या.

जिन्यावर पावले वाजली. मधल्या मजल्यावरूनच, सावंतांची नक्कल करणारा पण सावंतांचा नसलेला आवाज आला.

"ताई! कोथमीर इली!"

बाईंचा डावा हात आपोआप वर आला. त्यांनी त्या फिकट पट्ट्याकडे पाहिले.

"देवधर, किती वाजले हो?"

मी माझे घड्याळ पाहिले. "बारा वाजून सात मिनिटं."

"लिहून ठेवा," बाई म्हणाल्या, आणि गुडघा सांभाळत दार उघडायला गेल्या.